फिल्म कॅमेऱ्यावर हाताने एक्स्पोजर लावणे : सुई मध्ये आल्यावर पुढे काय?

तिरपं_ऊन

मंडळी, मॅन्युअल कॅमेऱ्यावर एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) कसं लावायचं हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तर बहुतेक वेळा 'मीटरची सुई मध्ये आणा' एवढ्यावरच थांबतं. म्हणून एकदा नीट लिहितो. उदाहरणं ३५ मिमी एसएलआरची (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांची) घेतली आहेत, पण टीएलआर किंवा रेंजफाइंडर अशा दुसऱ्या प्रकारचे कॅमेरे वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडेल.

आधी उजळणी. आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते, रोल घालताना एकदाच ठरतो, त्यानंतर तुमच्या हातात दोनच गोष्टी राहतात : ॲपर्चरची रिंग (लेन्सचं भोक किती मोठं) आणि शटरचा डायल (उजेड किती वेळ आत). रिंग २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी चढते. आकडा वाढला की भोक लहान होतं आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. आकडे दुप्पट न होता साधारण १.४ पटीने वाढतात, कारण आकडा भोकाच्या व्यासावरून काढलेला असतो आणि उजेड क्षेत्रफळावर ठरतो. शटरचं सरळ आहे : १/६० सेकंदाच्या निम्मा उजेड १/१२५ ला, त्याच्या निम्मा १/२५० ला. या एका पायरीला स्टॉप म्हणायचं. एफ/८ ला (म्हणजे रिंग ८ वर) १/१२५ ठेवा किंवा एफ/५.६ ला १/२५०, फिल्मवर सारखाच उजेड पोचतो. हात हलण्याची भीती असेल तर शटर आधी ठरवा (५० मिमी लेन्सला १/६० च्या खाली हातात धरून नको), मागचं-पुढचं सगळं रेखीव हवं असेल तर ॲपर्चर आधी ठरवा.

आता मीटर. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. समोर चुन्याची भिंत आहे की कोळशाची वखार, हे त्याला कळत नाही. सुई मध्ये आली याचा अर्थ एवढाच, की मीटरने जे पाहिलं ते मध्यम राखाडी होऊन उतरेल. चुन्याची भिंत राखाडी, कोळसाही राखाडी. त्या वस्तूला राखाडी ठेवायचं, उजळ ठेवायचं की काळं, हा निर्णय तुम्ही घ्यायचा.

निगेटिव्ह फिल्मसाठी (जिच्यावर उजळ भाग दाट आणि गडद भाग कोरा उमटतो) हा निर्णय सावलीवरून घ्या, हे माझं ठाम मत. निगेटिव्हवर सावलीतला तपशील एक्स्पोजरने येतो आणि उजळ भागाची दाटी मुख्यतः धुलाईने (डेव्हलपिंगने) ठरते. सावलीत पुरेसा उजेड पोचला नाही तर तिथे फिल्म कोरी राहते. कोऱ्या फिल्ममधून स्कॅनर काही काढू शकत नाही आणि एन्लार्जरही (प्रिंट काढायचं यंत्र). उजळ भाग जास्त दाट झाला तर मात्र प्रिंट करताना बऱ्यापैकी सावरता येतो.

करायचं असं. दृश्यातला सगळ्यात गडद भाग शोधा, पण असा, की ज्यात पोत दिसायला हवा आहे. जवळ जा, त्या भागाने चौकट भरा, स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका. सुई मध्ये आणा. समजा वाड्याच्या ओसरीखाली १/६० ला एफ/४ आलं. याच सेटिंगने फोटो काढला तर ओसरीखालचा अंधार राखाडी होईल आणि चौकातलं ऊन अतोनात दाट. म्हणून दोन स्टॉप बंद करा : १/६० ला एफ/८. आता सावली गडद राहील, पण लाकडाच्या रेषा दिसतील. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेल्या झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देण्याच्या) यालाच सावली तिसऱ्या झोनवर ठेवणं म्हणतात. बाकीचे झोन पाठ नसले तरी चालेल. 'सावली मोजा, दोन स्टॉप बंद करा' एवढ्यावर पुष्कळ रोल चांगले निघतात.

एक चूक वारंवार दिसते. लोक सावली मोजतात आणि दोन स्टॉप बंद करायला विसरतात, किंवा उलट दिशेने उघडतात. त्यामुळे रिंग कुठल्या बाजूला फिरवली की आकडा वाढतो हे रोल घालण्याआधीच हाताला माहीत असू द्या. निकॉन आणि पेंटॅक्सच्या रिंगा एकमेकींच्या उलट फिरतात, दोन्ही वापरणाऱ्यांनी विशेष जपावं.

नवा_रोल

फार छान समजावलंत, वाचनखूण साठवली. पेंटॅक्स के १००० वर प्रत्यक्ष बटणं कुठली आणि क्रम काय, हे कोणी सांगेल का? आणि उन्हात शटर म्हणजे एक भागिले आयएसओ असं ऐकलंय, पण आयएसओ २०० चा रोल असेल तर शटरवर १/२०० नाही, मग काय लावायचं?

सुई_काटा

@नवा_रोल, के १००० वर क्रम असा. शटरस्पीडच्या डायलची बाहेरची कडी वर उचला आणि उचलूनच फिरवा, छोट्या खिडकीत २०० दिसलं की सोडा. कडी नीट खाली बसली का ते बघा. अर्धवट बसली तर शटर फिरवताना आयएसओही सरकतो आणि पुढचा सगळा रोल चुकतो.

रोल घातल्यावर लिव्हर ओढताना डाव्या हाताची रिवाइंडची खुंटी फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर फिल्म आत नीट पकडलीच गेलेली नाही, मग एक्स्पोजर कितीही अचूक असो.

व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे सुई आहे. वर गेली तर उजेड जास्त, खाली तर कमी, मधल्या खाचेत आली की मीटरच्या हिशेबाने बरोबर. या कॅमेऱ्याला मीटरचं वेगळं बटण नाही. लेन्सवर उजेड पडला की तो चालू, म्हणून वापर संपला की लेन्सवर झाकण लावायचंच, नाहीतर सेल उतरतो. सेल एलआर४४, त्याऐवजी एसआर४४ मिळाला तर तो घ्या : सिल्व्हर ऑक्साइड सेलचं व्होल्टेज संपेपर्यंत जवळजवळ स्थिर राहतं, अल्कलाइनचं हळूहळू घसरतं. सेल पूर्ण गेला तरी शटर यांत्रिक असल्याने सगळ्या स्पीडवर चालतं, फक्त सुई मरते.

दुसरं, यात सीडीएस (कॅडमियम सल्फाइडचा) मीटर आहे आणि तो मंद आहे. भर उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात गेलात की सुईला दहा-पंधरा सेकंद स्थिरावू द्या. लगेच वाचलेला आकडा खोटा असतो.

१/२०० चं : जवळचं १/२५० लावा, फरक तिसरा हिस्सा स्टॉपचा. तो भरून काढायचा तर ॲपर्चरची रिंग किंचित उघडा. ॲपर्चर दोन खाचांच्या मध्ये ठेवता येतं, शटर मात्र दोन आकड्यांच्या मध्ये कधीही ठेवू नका. बारीक फरक करायचा तो नेहमी ॲपर्चरने.

सुई_काटा

निकॉन एफएम २ वाल्यांसाठी राहिलंच. त्यात सुई नाही, लाल दिवे आहेत. फिल्मची लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवा आणि शटरचं बटण हलकं दाबा, मीटर सुरू होतो. फक्त मधलं वर्तुळ पेटलं तर बरोबर, अगदी स्टॉपच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. अधिक आणि वर्तुळ दोन्ही पेटले तर पाचव्या हिश्श्यापासून एक स्टॉपपर्यंत जास्त. नुसतं अधिक पेटलं तर एका स्टॉपहून जास्त, मग ते दीड असेल नाहीतर पाच, दिवा सांगत नाही. उणे चिन्हाचंही तसंच. म्हणून नुसतं अधिक किंवा उणे असताना अंदाजाने थांबू नका, वर्तुळ पेटेपर्यंत रिंग फिरवा आणि तिथून मोजून स्टॉप बदला.

काळा_कातळ

वर 'ओसरीखाली जवळ जा' म्हटलंय, पण प्रत्येक ठिकाणी जवळ जाता येत नाही. कार्ल्याचं चैत्यगृह घ्या. समोरच्या कमानीच्या मोठ्या खिडकीतून उजेड आत येतो, दोन्ही बाजूंचे खांब अंधारात. आतून कॅमेरा तसाच खिडकीकडे रोखला तर मीटर खिडकीनेच दिपतो आणि खांब काळे ठोकळे होतात. खिडकीकडे पाठ करा, बाजूच्या खांबाने चौकट भरा, वाचन घ्या आणि दोन स्टॉप बंद करून मग वळा. वळल्यावर सुई वर गेलेली दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. नवशिके इथेच घाबरून पुन्हा सुई मध्ये आणतात आणि केलेली सगळी मेहनत जाते.

आपल्याकडचा बेसाल्ट मुळातच गडद आहे, आणि पावसात ओला झाला की आणखी. स्लाइड फिल्मवर (जिच्यावर सरळ पारदर्शक चित्रच मिळतं) तो राखाडी यायला नको असेल तर कातळाचं वाचन घेऊन एक ते दीड स्टॉप बंद करा. निगेटिव्हवर अर्धा-एक स्टॉप जास्त गेला तरी काही बिघडत नाही.

मळभ

मीटरच नसला, किंवा त्यावर भरवसा नसला, तर 'सनी १६'. नियम जुना आहे : स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. १०० च्या रोलला १/१२५, ४०० च्या रोलला १/५००. पण पुस्तकात दिलेली ढगांची वर्णनं वाचून गोंधळ होतो, म्हणून आकाशाकडे न बघता जमिनीवरची सावली बघायची. सावलीच्या कडा धारदार असतील तर एफ/१६. कडा मऊ झाल्या तर एफ/११. सावली जेमतेम ओळखू येते तेव्हा एफ/८. सावलीच नाही, आषाढातलं भरून आलेलं आभाळ, तर एफ/५.६. उन्हाच्या दिवशी झाडाखाली किंवा इमारतीच्या सावलीत एफ/४. रत्नागिरी-मालवणकडच्या पांढऱ्या वाळूवर भर दुपारी एफ/२२.

हा नियम सूर्य वर असतानाचा आहे. उगवल्यानंतर आणि मावळण्याआधी साधारण दीड-दोन तास ऊन धारदार सावली पाडतं पण जोर कमी असतो, तिथे एक स्टॉप उघडा. हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या धुरकटात अर्धा स्टॉप.

आणि मे महिन्यात उलटा प्रश्न. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर असतो. जमिनीवर एफ/१६ चं ऊन, पण माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत, टोपी-पागोट्याखाली दाट सावली. चेहरा हवा असेल तर एफ/११, गरज पडली तर एफ/८. निगेटिव्ह ते सहज पेलते.

वीणा_टाळ

वारीच्या फोटोंबद्दल कोणी लिहील का? सगळे पांढऱ्या कपड्यांत, चेहरे सावळे, वर ढगाळ. सुईवर विसंबलं तर चेहरे काळे पडतात.

तिरपं_ऊन

@वीणा_टाळ ताई, अगदी बरोबर निरीक्षण. चौकटीत पांढरं जास्त असलं की मीटर त्याला राखाडीकडे ओढतो, म्हणजे एक ते दोन स्टॉप कमी एक्स्पोजर. आणि तो तोटा सगळा चेहऱ्यांवर पडतो, कारण ते आधीच गडद बाजूला असतात.

गर्दीत प्रत्येक वेळी चेहऱ्याजवळ जाऊन मोजणं शक्य नाही, शिष्टाचारालाही धरून नाही. आपला तळहात वापरा. ज्या उजेडात वारकरी आहेत त्याच उजेडात तळहात धरा, त्याने चौकट भरा, सुई मध्ये आणा आणि एक स्टॉप उघडा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. हाताची पाठ वापरू नका, तिचा रंग माणसागणिक फार बदलतो. तळहाताचा फरक त्यामानाने कमी, तरी ग्रे कार्डाशी (मध्यम राखाडी पुठ्ठ्याशी) एकदा ताडून बघा. कार्डावर एफ/८ आणि तळहातावर एफ/११ आलं तर तुमचा हात एक स्टॉपचा. तो आकडा मग कायम तुमच्याबरोबर.

उन्हात ४०० चा रोल, १/५०० ला तळहात एफ/२२ दाखवेल, तुम्ही एफ/१६ लावाल. सनी १६ शी जुळतं, म्हणजे मीटरही बरा आहे हे कळलं. ढगाळ असताना १/५०० ला एफ/८ च्या आसपास येईल, मी चेहऱ्यांसाठी एफ/५.६ सुचवेन. एकदा लावलं की उजेड बदलेपर्यंत रिंगेला हात लावू नका. दिंडीत पुढे पांढरं आलं, मागे काळी घोंगडी आली, सुई नाचत राहील. उजेड तोच आहे, मग एक्स्पोजरही तेच.

वीणा_टाळ

'उजेड तोच, तर एक्स्पोजर तेच' हे फार उपयोगी. धन्यवाद.

स्लाइडप्रेमी

धागा उत्तम, पण एक इशारा. वरचं सावलीचं सगळं तंत्र निगेटिव्हसाठी आहे. एक्टाक्रोम ई१०० किंवा कुठलीही स्लाइड लावलीत तर उलट विचार करा. स्लाइडवर जास्त उजेड गेला की तो भाग पारदर्शक काच होतो, परत मिळत नाही. चुकीला जागा जेमतेम अर्ध्या स्टॉपची. तिथे तपशील हवा असलेला सगळ्यात उजळ भाग मोजा आणि दीड स्टॉप उघडा. दीडच, दोन नको. सावल्या काळ्या गेल्या तर जाऊ द्या. दृश्यातला फरक फारच मोठा असेल तर त्या ठिकाणी स्लाइड वापरू नका, एवढंच खरं.

तसंच, रंगीत निगेटिव्हवर 'नेहमी एक स्टॉप जास्त द्या' हा सल्ला सरसकट पटत नाही. मीटरिंग नीट केलं असेल तर छापील आयएसओ पुरतो.

तिरपं_ऊन

स्लाइडबद्दल पूर्ण सहमत. निगेटिव्हबद्दल थोडा मतभेद. ज्यांच्याकडे सरासरी मोजणारा मीटर आहे आणि जे आकाश चौकटीत घेऊन मोजतात, त्यांना एक स्टॉपचं विम्यासारखं संरक्षण हवंच. २०० चा रोल १०० वर लावला तर हानी काहीच नाही. सावली मोजून दोन स्टॉप बंद करणाऱ्याने मात्र त्यावर पुन्हा एक स्टॉप चढवायची गरज नाही, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. फोमापॅन ४०० मात्र मी २०० ते २५० वरच लावायला सांगेन, त्याच्या सावल्या छापील आकड्यावर रिकाम्या येतात.

सेल_संपला

जुना कॅनन एफटीबी आहे, त्याला पीएक्स६२५ सेल लागतो असं आत लिहिलंय. बाजारात त्याच आकाराचा अल्कलाइन मिळतो. तो चालेल का?

सुई_काटा

बसेल, पण मीटर चुकेल. मूळ सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा आणि व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट. आता तो बनत नाही. अल्कलाइन १.५ चा आहे. जास्त व्होल्टेजमुळे मीटरला जास्त उजेड आहे असं वाटतं, तो एफ/११ सांगतो जिथे एफ/८ किंवा त्याहून उघडं हवं होतं. म्हणजे फोटो कमी एक्स्पोज. ऑलिंपस ओएम-१ आणि यशिका मॅट १२४जी यांचंही हेच. आयएसओचा डायल खाली सरकवून ही चूक पूर्ण भरत नाही, कारण ती तेजस्वी उजेडात वेगळी आणि मंद उजेडात वेगळी असते, शिवाय सेल उतरेल तशी बदलते.

स्वस्त उपाय : कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. सुमारे १.४ व्होल्ट, सपाट. व्यास थोडा कमी असतो, भोवती रबरी वायसर घाला म्हणजे मध्ये बसेल. स्टिकर काढल्यावर पाच मिनिटं उघडा ठेवून मग घाला, त्याला हवा लागते. एकदा स्टिकर निघालं की वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. दुसरा उपाय म्हणजे आत डायोड असलेला ॲडॅप्टर, त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल घालायचा. महाग आहे पण कायमचा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं सर्किट ब्रिज पद्धतीचं आहे, त्याला व्होल्टेजचा हा फरक बाधत नाही.

हेलिओस५८

झेनिट-ई वापरणारे अजून बरेच आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. त्याचा सेलेनियम मीटर बिनसेलचा, पण इतक्या वर्षांनी बहुतेकांचा थकलेला. तो कमी उजेड दाखवतो. धारदार सावलीच्या उन्हात सनी १६ शी ताडून बघा, फरक स्थिर असेल तर तेवढा मनात धरून वापरता येतो, सुई अडकत असेल तर सोडून द्या. डायलवर आयएसओऐवजी डिन हे जुनं माप असेल तर २१ म्हणजे १००, २४ म्हणजे २०० आणि २७ म्हणजे ४००.

आणि मोठी चूक. हेलिओस ४४-२ लेन्सला दोन रिंगा आहेत. एकीवर ॲपर्चर ठरवायचं, दुसरीने फोकससाठी उघडायचं आणि फोटो काढण्याआधी ती हाताने बंद करायची. कॅमेरा ती बंद करत नाही. विसरलात तर एफ/११ ठरवून एफ/२ ला फोटो निघतो, पाच स्टॉप जास्त. फोकस, बंद, क्लिक, हा क्रम हाताला लागला पाहिजे.

पणती

दिवाळीत आणि रात्रीच्या बाजारात किती ठेवायचं? मीटरची सुई हलतच नाही.

मळभ

तिथे मीटरपेक्षा ठोकताळा बरा. ४०० च्या रोलसाठी :
पणत्यांच्या उजेडातला चेहरा, अगदी जवळून : एफ/२, १/१५.
घरातला रात्रीचा नेहमीचा दिवा : एफ/२, १/६०.
झगमगाटातला रस्ता, कंदिलांची दुकानं : एफ/२.८, १/१२५.
कोजागरीचा पूर्ण चंद्र, नुसता चंद्र : एफ/११, १/५००. चंद्रावर सूर्याचंच ऊन पडलेलं असतं, म्हणून इतकं कमी पुरतं. मात्र चांदण्यातला अंगणाचा फोटो वेगळा, त्याला मिनिटं लागतात.

१/१५ हातात धरून जमत नाही. कोपरं भिंतीला टेकवा किंवा कॅमेरा पाटावर ठेवून सेल्फ टायमर लावा.

काळा_कातळ

मिनिटांचा विषय निघाला म्हणून : एका सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. मीटर १० सेकंद म्हणाला आणि तुम्ही १० च दिले तर एक्स्पोजर कमी पडेल. इल्फर्ड कंपनीने आपल्या प्रत्येक फिल्मसाठी घातांक दिला आहे : एचपी५ प्लसला १.३१, एफपी४ प्लसला १.२६. मीटरचे सेकंद त्या घातांकाने चढवायचे. एचपी५ वर ४ सेकंदांचे ६, १० चे २०, ३० चे साधारण ८६ आणि ६० चे साडेतीन मिनिटं. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं, पण चार आकडे कॅमेऱ्याच्या पिशवीत चिकटवून ठेवलेले बरे.

पावसाळी धबधब्यांसाठी : पाणी रेशमी हवं तर १/४ च्या आसपास शटर लागतं. भरून आलेल्या आभाळाखाली ४०० चा रोल एफ/१६ लाही १/६० मागतो, म्हणजे जमणार नाही. १०० चा रोल घ्या, एफ/१६ ला १/१५ येईल, त्यावर दोन स्टॉप खाणारा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला की १/४. ओल्या पानांवरची चकाकीही जाते.

नवा_रोल

फिल्टर लावला तर मीटर आपोआप हिशेब करतो ना?

काळा_कातळ

लेन्समधून मोजणारा असेल तर पिवळ्याला करतो. गडद लाल किंवा नारिंगी फिल्टरला त्यावर विसंबू नका, मीटरच्या उजेड मोजणाऱ्या भागाला लाल रंग फिल्मपेक्षा वेगळा दिसतो. फिल्टर काढून मोजा, मग हाताने उघडा : पिवळा क्र. ८ ला एक स्टॉप, नारिंगी दोन, लाल क्र. २५ ला तीन. डब्यावर २, ४, ८ असे आकडे असतात ते पटीचे आहेत, स्टॉपचे नाहीत. ८ वाचून आठ स्टॉप उघडू नका. आणि बेलो किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारी नळी) लावून फुलाचा फोटो वस्तूएवढाच मोठा काढत असाल आणि मीटर हातातला असेल, तर दोन स्टॉप उघडा.

अंधारखोली

इतक्या वेळात कोणीही निगेटिव्ह वाचण्याबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आपलं एक्स्पोजर बरोबर होतं का हे स्कॅनवरून कळत नाही. लॅबचा स्कॅनर प्रत्येक चौकट आपोआप उजळ-गडद करतो, तुमची चूक झाकतो आणि दोष 'ग्रेन (दाणे) फार आला' असा दिसतो. निगेटिव्ह परत मागून घ्या आणि खिडकीसमोर पांढऱ्या कागदापुढे धरा.

आधी कडेचे आकडे आणि फिल्मचं नाव बघा. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या शटरचा त्यांच्याशी संबंध नाही. ते ठसठशीत असतील तर धुलाई ठीक आहे. मग चौकट बघा. कडेचे आकडे ठसठशीत, पण चौकट पातळ आणि सावल्या कडेइतक्याच कोऱ्या : एक्स्पोजर कमी. कडेचे आकडेच फिकट : धुलाई कमी, रसायन थकलेलं किंवा थंड. सावल्यांत तपशील आहे पण उजळ भाग इतके दाट की त्यातून अक्षर वाचता येत नाही : धुलाई जास्त, किंवा दृश्यच फार तीव्र. हे तीन निदान वेगळे न करता पुढच्या रोलला नुसता आयएसओ बदलणं म्हणजे अंधारात बाण.

घरी धुणाऱ्यांसाठी : एचपी५ प्लस मुद्दाम ८०० वर लावला तर पूर्ण रोल तसाच लावायचा, मधूनच बदलायचा नाही. आयडी-११ हे धुलाईचं रसायन न पातळ करता, २० अंशांवर ४०० ला साडेसात मिनिटं, ८०० ला साडेदहा, १६०० ला १४. असं जास्त वेळ धुऊन ताणल्याने उजळ भाग दाट होतात, सावल्या फारशा वाढत नाहीत. म्हणजे वर जे म्हटलंय, की सावली एक्स्पोजरनेच येते, ते इथे उघड दिसतं. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीत असतं, तेव्हा डबा बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवून २० वर आणा, तापमापक रसायनात बुडवून.

सेल_संपला

@अंधारखोली ताई, याच पद्धतीने एक रोल तपासला. कडेचे आकडे ठसठशीत. बहुतेक चौकटी चांगल्या. फक्त भर उन्हातल्या काही चौकटींत एक बाजू पातळ होत जाते, दुसरी ठीक. आकाशात सरळ दिसतं.

अंधारखोली

त्या चौकटी १/१००० वर काढलेल्या असणार. तुमच्या कॅमेऱ्यातलं कापडी शटर आडवं धावतं. दोन पडद्यांमधली फट धावताना अरुंद होत गेली की चौकटीची एक बाजू कमी उजेड घेते, आणि जितकी फट अरुंद तितका हा दोष मोठा. मीटरचा किंवा तुमचा दोष नाही, पडद्यांच्या ताणाचा आहे.

सुई_काटा

सहमत. खात्री अशी करा. रोल नसताना मागचं झाकण उघडा, लेन्स काढा, पुढे पांढरी उजळ भिंत ठेवा आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मागून शटर टिपा. १/३० ला पडदा साधारण ८ फ्रेम उघडा दिसायला हवा, १/६० ला ४. हे बरोबर आले तर हळू स्पीड शाबूत आहेत. त्यापुढच्या स्पीडला फट धावते, तिची वेळ फोनवर मोजता येत नाही, पण १/१००० ला एक बाजू काळी राहते का एवढं दिसतं. बोट पडद्याला लावू नका.

लेन्सही बघून घ्या : एफ/१६ लावून पुढून बघत शटर दाबा. पाती झटकन बंद व्हायला हवीत. दमट हवेत पात्यांवर तेल पसरलेलं असेल तर ती आळसावतात आणि फोटो जास्त एक्स्पोज होतो.

दुरुस्ती होईपर्यंत १/५०० च्या वर जाऊ नका. भर उन्हासाठी १०० चा रोल घाला, १/१२५ ला एफ/१६ किंवा १/२५० ला एफ/११, तुम्हाला १/१००० ची गरजच पडणार नाही.